‘शंभर दिवसांत हजार कायम नोकऱ्या’: नगराध्यक्षाच्या हातात काय आहे आणि काय नाही

नगरपरिषदांच्या निवडणुका लागल्यापासून एक मेसेज गावोगावच्या ग्रुपांवर फिरतो आहे. उमेदवाराचं आणि गावाचं नाव बदलतं, मजकूर तोच राहतो. थोडक्यात तो असा: ‘आपला नगराध्यक्ष निवडून आला की शंभर दिवसांत हजार मुलांना नगरपरिषदेत कायम नोकरी. नोकऱ्या फक्त गावातल्या मुलांना. कंत्राटी सफाई कामगार एका ठरावात कायम. वर्षभरात एमआयडीसी. छोट्या दुकानदारांना जीएसटी माफ. फेरीवाल्यांना हक्काची जागा. सोबतचा फॉर्म भरा, आधार, मतदार ओळखपत्र आणि पासबुकाची झेरॉक्स जोडा, पाचशे रुपये नोंदणी शुल्क पाठवा. नोंदणी केलेल्यांना प्राधान्य.’

माझ्या पुतण्याने हा फॉर्म भरला, पैसेही पाठवले आणि वर घरातल्या दोघांचे कागद मागायला लागला. मुलगा हुशार आहे, दोन वर्षं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो आहे. त्याच्यासारखी मुलं जर यात अडकत असतील तर गप्प बसून चालणार नाही.

आधी हजार नोकऱ्यांचं पाहू, कारण बाकीचा मेसेज त्याच खुंटीवर टांगला आहे.

नगरपरिषदेत नोकरी द्यायची तर आधी मंजूर पद लागतं. कोणत्या संवर्गात किती पदं, याचा तक्ता म्हणजे आकृतिबंध. तो राज्य शासन मंजूर करतं. सभागृहाने एकमताने ठराव केला तरी त्यात एक शिपाई वाढत नाही. तो ठराव फक्त प्रस्ताव म्हणून वर जातो. पद मंजूर आहे आणि रिकामंही आहे, असं असलं तरी लगेच भरता येत नाही. बिंदुनामावली, म्हणजे कोणतं पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाचं याची क्रमवार यादी, अद्ययावत करून विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. तीत एखादा बिंदू चुकला तर फाइल परत येते, आणि तपासणी न करता जाहिरात काढली तर ती न्यायालयात टिकत नाही. या कामात महिने जातात.

मग प्रत्यक्ष भरती. ती कशी होते हे पाहायला एकच कागद पुरेसा आहे: नगरपरिषद प्रशासन संचालनालयाची जुलै २०२३ ची जाहिरात. महाराष्ट्र नगरपरिषद राज्यसेवेतली गट क ची पदं. स्थापत्य अभियंता ३९१, विद्युत अभियंता ४८, संगणक अभियंता ४५, पाणीपुरवठा, जलनिःसारण व स्वच्छता अभियंता ६५, लेखापरीक्षक व लेखापाल २४७, करनिर्धारण व प्रशासकीय अधिकारी ५७९, अग्निशमन अधिकारी ३७२, स्वच्छता निरीक्षक ३५. बेरीज करा, १७८२ येते. हा आकडा एका गावाचा नाही, सगळ्या राज्याचा आहे. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायती होत्या. एवढ्याच धरल्या तरी एकेका गावाच्या वाट्याला सरासरी सहा पदं येतात. आणि मेसेज एका गावात हजार देणार म्हणतो.

त्याच जाहिरातीतून आणखी तीन गोष्टी कळतात. पहिली वेळेची. जाहिरात आली जुलैत, अर्ज चालले ऑगस्टपर्यंत आणि संगणकावरची परीक्षा सुरू व्हायला ऑक्टोबरची अखेर उजाडली. म्हणजे पदं मंजूर, बिंदुनामावली तयार, संचालनालयाची सगळी यंत्रणा कामाला लागलेली, तरी जाहिरातीपासून पहिल्या पेपरपर्यंतच तीन महिन्यांहून जास्त वेळ गेला. निकाल, कागदपत्रांची पडताळणी, नेमणूक हे त्याच्या पुढचं. दुसरी गोष्ट, परीक्षा टीसीएस या खाजगी कंपनीने घेतली. त्यात नगराध्यक्षाला कुठेही जागा नव्हती, शिफारशीलाही नाही. तिसरी, ही राज्यसेवा आहे. निवड झालेल्या मुलाला राज्यातल्या कुठल्याही नगरपरिषदेत पाठवता येतं आणि पुढे त्याची बदलीही होते. ‘आपल्या गावात, आपल्याच नगरपरिषदेत’ ही हमी या पदांना लागूच पडत नाही.

स्पर्धा परीक्षेशिवायचे दोन रस्ते आहेत. एक अनुकंपा नेमणूक आणि दुसरा लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगाराच्या वारसाची नेमणूक. दोन्हींसाठी कर्मचाऱ्याचा वारस असावं लागतं. ग्रुपवरच्या फॉर्मने कोणी वारस होत नाही.

आता पैशांचं बोलू. सातव्या वेतन आयोगातली सगळ्यात खालची श्रेणी १५,००० रुपये मूळ वेतनापासून सुरू होते. महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आणि निवृत्तिवेतन योजनेतला नगरपरिषदेचा हिस्सा धरला तर एका माणसामागे महिन्याला पंचवीस हजारांच्या खाली खर्च येत नाही. हजार माणसांचे महिन्याला अडीच कोटी, वर्षाला तीस कोटी. आता समजा, गावात पंधरा हजार मालमत्ता आहेत आणि सरासरी घरपट्टी दोन हजार रुपये आहे. मागणी झाली तीन कोटींची, आणि वसुली सत्तर टक्के धरली तर हातात आले दोन कोटी दहा लाख. वर्षभराची घरपट्टी या हजार जणांच्या एका महिन्याच्या पगारालाही पुरत नाही, आणि पाणी, दिवाबत्ती, गटार, रस्ते यांचा खर्च तर अजून मोजलेलाच नाही. ‘वरून निधी आणू’ हे उत्तर ठरलेलं असतं. पंधराव्या वित्त आयोगाचा (२०२१ ते २०२६) जो अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, निधी नगरपरिषदांसाठी होता, तोसुद्धा वेतन आणि आस्थापनेवर खर्च करता येत नव्हता. ही त्या निधीची स्पष्ट अट होती.

मेसेजच्या बाजूने एक मुद्दा हटकून येतो: घटनेनेच आर्थिक विकासाचं काम नगरपरिषदेला दिलं आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत अठरा विषय आहेत. त्यांतला तिसरा आर्थिक व सामाजिक विकासाचं नियोजन आणि अकरावा नागरी दारिद्र्य निर्मूलन. हे खरं आहे, नाकारता येणार नाही. पण नगरपालिकांच्या अधिकारांचा अनुच्छेद २४३डब्ल्यू काय म्हणतो ते पुढे सांगितलं जात नाही. राज्य विधिमंडळ कायद्याने हे अधिकार नगरपालिकांना देऊ शकेल, असं तो म्हणतो. म्हणजे यादी घटनेत आहे, प्रत्यक्ष अधिकार मात्र राज्याच्या कायद्याने जेवढे दिले तेवढेच. आपल्याकडे तो कायदा १९६५ चा नगरपरिषद अधिनियम. त्यातली कलम ४९ ची कर्तव्यांची यादी वाचा. पाणी, स्वच्छता, दिवाबत्ती, रस्ते, बाजार हे सगळं सापडेल. हजार जणांना नोकरी देण्याचा अधिकार कुठे सापडणार नाही.

आता फॉर्मकडे येतो. माझ्या मते सगळ्यात घातक तोच आहे. बाकीची आश्वासनं खोटी निघाली तर माणूस निराश होईल, पण फॉर्मने त्याचं खरं नुकसान होतं.

जाहीरनाम्यात ‘आम्ही रोजगार वाढवू’ म्हणणं गुन्हा नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० मध्ये निवडणुकीतली लाच कशाला म्हणायचं ते दिलं आहे, आणि सार्वजनिक धोरणाची घोषणा लाच ठरत नाही, असंही त्यातच म्हटलं आहे. पण एकेका मतदाराचं नाव, ओळखपत्राचा क्रमांक आणि मोबाइल घेऊन ‘तुझी नोंदणी झाली, तुला प्राधान्य’ असं सांगणं ही धोरणाची घोषणा उरत नाही. तो त्या माणसाशी मतासाठी केलेला व्यवहार होतो. लोकसभेच्या वेळी, २ मे २०२४ रोजी, भारत निवडणूक आयोगाने राजकीय पक्षांना नेमकी हीच गोष्ट बजावली होती: सर्वेक्षणाच्या नावाखाली भावी योजनांसाठी मतदारांची नोंदणी करणं थांबवा. नगरपरिषदेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यामुळे ती सूचना इथे जशीच्या तशी लागू होत नाही. तरी कलम १७० कुठल्याही निवडणुकीला लागू आहे आणि कलम १७३ खाली त्याची शिक्षा एक वर्षापर्यंतचा कारावास किंवा दंड किंवा दोन्ही आहे.

पाचशे रुपयांचा वेगळा विचार करा. २०२३ च्या त्या भरतीचं शुल्क खुल्या प्रवर्गाला १००० आणि राखीव प्रवर्गाला ९०० रुपये होतं. ते अर्जासोबत ऑनलाइन भरायचं होतं, कुणा कार्यकर्त्याच्या खात्यावर नाही. सरकारी भरतीचं शुल्क कधीही कुणाच्या वैयक्तिक मोबाइल क्रमांकावर घेतलं जात नाही. ही एकच खूण लक्षात ठेवली तरी बरेच जण वाचतील.

आणि हे पाचशेवर थांबत नाही. ज्यांनी पाचशे दिले त्यांची यादी तयार होते, आणि मग निवडणुकीनंतर ‘तुझं नाव वर घेतो, दोन लाख लागतील’ म्हणणारा माणूस त्याच यादीवरून फोन करतो. लाच देणारासुद्धा आता गुन्हेगार ठरतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये तसा बदल झाला. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार करणाऱ्यालाच त्यातून सूट आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४.

फॉर्म भरून झाला असेल तर एवढं लगेच करा. मेसेज, फॉर्म आणि तो ज्या क्रमांकावरून आला तो क्रमांक यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारीख दिसली पाहिजे. मेसेज पुसू नका. पैसे पाठवले असतील तर व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक लिहून घ्या आणि सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त. आधारच्या अ‍ॅपमधून किंवा संकेतस्थळावरून बायोमेट्रिक लॉक करा आणि आधी कुठे वापर झाला त्याची नोंद तपासा. आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते संचार साथी पोर्टलवर दिसतं. अनोळखी क्रमांक दिसला तर तिथूनच तो बंद करायला सांगता येतं. पासबुकाची प्रत दिली असेल तर बँकेला कळवा, कारण अशा कागदांवरून खाती उघडून दुसऱ्याच्या फसवणुकीचे पैसे त्यांतून फिरवले जातात आणि पोलिसांची नोटीस मात्र तुमच्या घरी येते. आचारसंहितेची तक्रार निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या.

‘फक्त गावातल्याच मुलांना’ हे आश्वासन ऐकायला गोड वाटतं, पण ते घटनेच्या विरोधात आहे. अनुच्छेद १६(२) प्रमाणे केवळ रहिवासाच्या कारणावरून सरकारी नोकरी नाकारता येत नाही. रहिवासाची अट घालायची तर १६(३) प्रमाणे तो अधिकार फक्त संसदेला आहे. नगरपरिषद ‘राज्य’ या व्याख्येत येते, म्हणून हे तिलाही बांधून ठेवतं. खाजगी उद्योगांबद्दल म्हणाल तर यात थोडं तथ्य आहे. राज्य शासनाच्या १७ नोव्हेंबर २००८ च्या निर्णयात उद्योगांनी पर्यवेक्षकीय पदांवर किमान ५० टक्के आणि इतर पदांवर ८० टक्के स्थानिक घ्यावेत असं म्हटलं आहे. पण तिथे ‘स्थानिक’ म्हणजे महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिलेला माणूस. तुमच्या वॉर्डातला असण्याची अट त्यात नाही. शिवाय तो निर्णय राबवणं उद्योग खात्याचं काम आहे. हरियाणाने खाजगी नोकऱ्यांत ७५ टक्के आरक्षणाचा कायदाच केला होता. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने तो नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला. एका राज्याचा कायदा टिकला नाही, मग नगरपरिषदेचा ठराव काय टिकणार?

एमआयडीसी आणि जीएसटीवर फार वेळ घालवत नाही. औद्योगिक क्षेत्र अधिसूचित करणं, त्यासाठी जमीन संपादन करणं हे १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियमाखाली राज्य शासनाचं काम आहे आणि भूखंड वाटतं महामंडळ. नगरपरिषद मागणीचं पत्र लिहू शकते, तेवढंच. जीएसटीचे दर आणि सवलती जीएसटी परिषदेच्या शिफारशीने ठरतात, नगरपरिषदेला त्यात आवाजच नाही. आणि ज्या छोट्या दुकानदाराला हे गाजर दाखवलं जातं, त्याची वार्षिक उलाढाल वस्तूंच्या विक्रीत ४० लाखांच्या किंवा सेवांमध्ये २० लाखांच्या आत असेल तर त्याला सर्वसाधारणपणे नोंदणीच लागत नाही. जे देणं लागतच नाही त्याची माफी कोण देणार?

कंत्राटी सफाई कामगारांचा मुद्दा मात्र गंभीर आहे. पहाटे गटारात उतरणाऱ्या माणसांना ‘एका ठरावात कायम’ म्हणून फसवणं मला सगळ्यात जास्त खटकतं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने एप्रिल २००६ मध्ये उमादेवी प्रकरणात स्पष्ट केलं की नियमित भरतीप्रक्रियेशिवाय लागलेल्यांना सरसकट कायम करता येणार नाही. सवलत होती ती मंजूर पदावर, न्यायालयाच्या आदेशाच्या आधाराविना, दहा वर्षं काम केलेल्यांना, तीही एकदाच. सभागृहाने तरीही ठराव केला तर जिल्हाधिकारी नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. ठरावाची बातमी येते, फटाके वाजतात, आणि काही आठवड्यांनी स्थगितीचं पत्र येतं.

हे कायम करणं अजिबातच शक्य नाही, असं मात्र नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय जल आयोगाच्या कार्यालयात वर्षानुवर्षं सफाईसारखी कामं करणाऱ्यांना नियमित करायला सांगितलं आणि उमादेवीचा निकाल अशा माणसांविरुद्ध ढालीसारखा वापरू नये असंही म्हटलं. पण तो रस्ता न्यायालयातून जातो, आणि हजेरीपत्रक, ओळखपत्र, पीएफची नोंद असे वर्षानुवर्षांचे पुरावे असतील तरच.

हे पुरावे तयार होतील की नाही, ते मात्र नगरसेवकांच्या हातात आहे, आणि त्याबद्दल मेसेजमध्ये एक शब्द नाही. गडबड निविदेपासून सुरू होते. अंदाजपत्रक करताना किमान वेतन आणि विशेष भत्ता धरलेला नसतो, किंवा जुना धरलेला असतो. विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत बदलतो. निविदेत दरवाढीची अट नसेल तर ठेकेदार तो फरक कामगाराच्या पगारातूनच काढतो. मग सगळ्यात कमी दराचा ठेकेदार निवडला जातो, नगरपरिषद त्याचं बिल महिनोन्‌महिने थकवते आणि तो कामगारांचा पगार थकवतो. सभागृहात बसणाऱ्याने एवढं मागितलं तरी फरक पडतो: प्रत्येक बिलासोबत त्या महिन्याचं पीएफ आणि ईएसआयचं चलन, नावनिशी यादीसह, ती यादी हजेरीपत्रकाशी जुळवून पाहणं, पगार बँकेतच जमा झाल्याचा पुरावा, आणि ठेकेदाराने पगार बुडवला तर नगरपरिषदेने तो थेट देऊन बिलातून वळता करणं. नुसती एकूण रकमेची पावती चालवून घेऊ नये. साठ कामगार कामावर आणि चलनात पस्तीस नावं, असा प्रकार त्या पावतीत दिसत नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, फेरीवाल्यांना हक्काची जागा. सगळ्या मेसेजमधलं हे एकच आश्वासन नगरपरिषदेला खरंच पाळता येण्यासारखं आहे, आणि नेमकं तेच अर्ध्या ओळीत उरकलं आहे.

पथविक्रेत्यांचा केंद्रीय कायदा २०१४ चा. त्याप्रमाणे दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करायचं, सापडलेल्या विक्रेत्यांना प्रमाणपत्र द्यायचं आणि हे पूर्ण होईपर्यंत कुणाला हटवायचं नाही. जागा बदलायची तर तीस दिवसांची नोटीस द्यायची. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. गावाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्यायचे, असं कायदाच सांगतो. हिशेब करा: चाळीस हजार वस्तीच्या गावात अडीच टक्के म्हणजे हजार माणसं. त्यासाठी आकृतिबंध लागत नाही, बिंदुनामावली लागत नाही, पगाराचे तीस कोटीही लागत नाहीत.

मग ते होत का नाही? सर्वेक्षण सकाळी अकराला होतं आणि संध्याकाळी गाडी लावणारे त्यात येतच नाहीत. समितीची निवडणूक लांबते, त्यामुळे विक्री क्षेत्रं ठरत नाहीत. क्षेत्रं ठरली नाहीत म्हणून प्रमाणपत्रावर जागा लिहिली जात नाही. जागा नाही म्हणून रस्ता रुंदीकरणात पहिली गाडी त्याच माणसाची उचलली जाते. पथविक्रेत्यांसाठीच्या पीएम स्वनिधी या केंद्राच्या योजनेतलं कर्ज आता पहिल्या टप्प्यात १५,०००, मग २५,००० आणि मग ५०,००० रुपये आहे आणि योजना मार्च २०३० पर्यंत वाढवली आहे. ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही त्याला नगरपरिषदेचं शिफारसपत्र लागतं. तो अर्ज कचेरीत पडून राहिला की माणूस खाजगी सावकाराकडे जातो. आठवडी बाजारात वसुलीचा ठेकेदार मंजूर दरापेक्षा जास्त घेतो आणि पावती देत नाही. दरफलक लावण्याची अट ठेक्यात असते, फलक नसतो.

प्रचाराला दारात येणाऱ्या उमेदवाराला म्हणून एवढंच विचारा: आपल्या गावात पथविक्रेत्यांचं शेवटचं सर्वेक्षण कधी झालं, किती प्रमाणपत्रं दिली आणि स्वनिधीचे किती अर्ज शिफारसपत्राअभावी अडलेत? ही माहिती मुख्याधिकाऱ्यांच्या कचेरीत असते, आणि माहिती अधिकाराचा अर्ज केला तर दहा रुपयांत कुणालाही मिळते. ज्या उमेदवाराने ती मागून घेतली आहे तो रोजगारावर काय म्हणतो ते ऐकून घ्या. बाकीच्यांना फॉर्म परत करा.